भोवऱ्याचा आवाज

तिनं बॉनेटखाली वाकून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भोवऱ्याच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. इंजिन सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती. आतल्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या एकमेकींना न डिवचता गरगरत होत्या. तिनं दुसऱ्या हातानं फडकं उचललं आणि खांद्यावर टाकलं. पलीकडे उभ्या नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

फडकं खांद्यावर म्हणजे सगळं ठीक. फडकं कमरेला खोचलं म्हणजे बिघाड आहे, इंजिन बंद करा. तीन वर्षं ही दोघांची भाषा होती आणि तिसऱ्या माणसाला तिचा पत्ता नव्हता.

भोवरा म्हणजे सुपरचार्जर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनाला जोरानं हवा पाजणारा पंखा. असल्या जुन्या अमेरिकन गाड्यांत तो असला की गाडीचा रुबाब वेगळा आणि मिस्त्रीच्या डोक्याचा ताप वेगळा. ही गाडी गावातल्या एका वकिलांच्या वडिलांची. दोन दारांची, लांब नाकाची कूपे, अठरा वर्षं एका शेडमध्ये उंदरांच्या ताब्यात होती. सात महिन्यांपूर्वी ती साखळीनं ओढत इथं आणली तेव्हा सीटमधून उंदरांची अख्खी पिलावळ निघाली होती. ती तिनंच काढली. नवऱ्याला उंदरांची किळस.

सीटा तिनं शिवल्या. पाण्याच्या पॉलिशपेपरनं पत्रा घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या. डॅशबोर्डच्या मागे ऊन न लागलेला मूळ रंगाचा बोटभर तुकडा सापडला, तोही तिलाच. आणि कान? कान तर सगळेच तिचे.

नवरा मोठा कसबी होता, यात वाद नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणत. डोळे बांधून त्याच्या हातात नट दिला असता तरी कुठल्या गाडीचा ते सांगितलं असतं. पण तीस वर्षं इंजिनांच्या किंकाळ्यांत डोकं घालून त्याचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बरेचसे. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून तो बोलणं निभावून नेई. पाठमोरा असला की मागे ढोल बडवा, ढिम्म. तिनं 'अहो' म्हणून हाक मारणं केव्हाच सोडलं होतं, ती कोपराला हात लावायची. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की तो उखडायचा. यंत्र लावलेल्या उस्तादाकडे भोवरा घेऊन कोण येणार होतं?

तेही तिला पटत होतं. म्हणून तर ती गप्प होती. पण आज गाडी न्यायला वकील येणार होते आणि त्यांच्याबरोबर गाड्यांच्या मासिकात लिहिणारा एकजण. काल जेवताना तिनं ताट बाजूला सारून नवऱ्याच्या कोपराला हात लावला होता.

"उद्या माझं नाव घ्या."

"कशात?"

"त्या मासिकात. कानाचं नका सांगू, ते आपल्या दोघांत राहू दे. पण सीटा मी शिवल्या, रंग मी शोधला, एवढं तरी सांगा."

"सांगतो की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते तिला नीट सांगता आलं नव्हतं. पण सकाळी तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, बॉनेटखाली वाकायचं असूनही.

दहाला दोघं आले. वकिलांना धीर कसला, आल्या आल्या किल्ली घेतली आणि अर्ध्या तासात येतो म्हणून गाडी बाहेर काढली. मासिकवाला थांबला. गोड बोलणारा होता, उस्तादांच्या अगदी समोर बसला आणि वही उघडली. ती टेबलापाशी चहा ओतत होती.

"उस्ताद, वकीलसाहेब म्हणतात, तुम्ही नुसत्या कानानं बेअरिंगचं आयुष्य सांगता."

"कान ही देणगी असते," नवरा म्हणाला. "ती शिकवून येत नाही."

तिला हसू आलं. बोलू दे बापड्याला, तिनं मनात म्हटलं. सात महिने राबलाय.

"वहिनींची मदत होते का कामात?"

तिनं किटली खाली ठेवली. कान टवकारायची गरज नव्हती, तरी सगळं अंग ऐकू लागलं.

"हिची?" नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मासिकवाल्याला डोळा मारला. "फडकी धुते बिचारी. हिला भोवरा काय आणि स्वयंपाकघरातला मिक्सर काय, दोन्ही सारखेच. दोन्ही आवाज करतात!"

मासिकवाला खो खो हसला. नवराही हसला, आपला विनोद जमला म्हणून खूश झाला. वहीत काही लिहिलं गेलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात शिकवल्यासारखे पुढे झाले आणि दोघांसमोर कप ठेवले गेले. वाईट नवरा म्हणावा तर तसाही नव्हता. तो विसरला होता. काल रात्री कबूल केलेलं आज सकाळी विसरला होता, आणि याचाच तिला जास्त राग आला.

वकील आले ते लहान मुलासारखे लाल होऊन. इंजिन चालूच ठेवलं होतं.

"उस्ताद, काय पळते हो! उद्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात टेकडीच्या चढावर पहिला मान हिचाच."

"आता तो कान दाखवा," मासिकवाला म्हणाला आणि त्यानं कॅमेरा काढला. "वहिनी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

ती बाजूला झाली. गाडीच्या पलीकडे, नेहमीच्या जागी, हातात फडकं घेऊन उभी राहिली. नवऱ्यानं स्क्रूड्रायव्हर ऐटीत टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. इतकं झकास नाटक रंगमंचावरही पाहायला मिळालं नसतं.

आणि तिला ते ऐकू आलं. वाळूचा कण दाताखाली यावा तशी बारीक खरखर. सकाळी थंड असताना भोवरा गप्प होता, आता तापल्यावर खरं बोलत होता. एका गोळीला चरा पडला होता. उगाच फिरण्यात काही होणार नव्हतं. पण उद्या चढावर पूर्ण जोर लागला की गोळ्या अडकणार, पट्टा जळणार, आणि शंभर गाड्यांच्या लोकांसमोर ही गाडी नाक वर करून मध्येच थांबणार. कुणाच्या जिवाला धोका नव्हता. उस्तादाच्या नावाला होता. फडकं कमरेला खोचलं की प्रदर्शन हुकलं असतं, चार दिवसांत नव्या गोळ्या बसल्या असत्या आणि नाव राहिलं असतं.

नवऱ्यानं एक डोळा किलकिला केला आणि तिच्याकडे पाहिलं.

तिनं फडक्याची घडी घातली. मग आणखी एक घडी. ती चौकोनी घडी मडगार्डवर ठेवली आणि हातांची घडी घालून उभी राहिली.

त्यानं दुसराही डोळा उघडला. मडगार्डवरच्या फडक्याकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला एवढंच करायचं होतं, चार पावलं चालून यायचं आणि विचारायचं, काय गं? निदान, इंजिन थंड झाल्यावर पुन्हा बघतो, एवढं तरी म्हणायचं. ती वाट पाहत होती. खरोखर पाहत होती. चार पावलं आला असता तर तिनं सगळं सांगितलं असतं, मिक्सरसकट सगळं सोडून दिलं असतं.

त्यानं वकिलांकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"एकदम स्वच्छ!" तो म्हणाला. "ऐकलंत? पोरीसारखी गातेय."

कॅमेरा दोनदा चमकला. वकिलांनी उस्तादांना मिठी मारली, मासिकवाल्यानं हात हातात घेतला. तिला दोघांनीही चहा फार छान झाला होता म्हणून सांगितलं. मग दारं लागली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. ऊन तिच्या रंगावर असं काही चढलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

नवरा फाटकात उभा राहून हात हलवत होता. ती त्याच्या मागे, दोन हातांवर.

"गोळी गेलीय," ती म्हणाली. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं त्या आवाजात. "उद्या चढावर थांबेल."

त्याचा हात हलतच होता. गाडी अजून रस्त्याच्या टोकाला, वळणापाशी होती. हाक मारली असती तर पोचली असती.

"अहो, गोळी गेलीय!"

या वेळी ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं खाली वाकून पाहिलं. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे नवरा मागे फिरला. चेहरा आनंदानं फुलला होता. तिचे ओठ मिटताना तेवढे त्याला दिसले.

"काही म्हणालीस?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्याला नीट कळावं म्हणून मानही हलवली.