आधी कान मिटायचा

सकाळी साडेसातला मी मानाय बासिलिसांच्या खांबावरचा कान जाळला.

कान म्हणजे प्रिअँप. अँटेनाच्या टोकाशी बांधलेली काडेपेटीएवढी डबी. लांबचा क्षीण आवाज ती पकडते आणि मोठा करून खाली खोलीत पाठवते. पण आपण बोलायला लागलो की त्याच तारेतून आपला तीनशे वॅटचा आवाज वर चढतो, आणि तेव्हा कान मिटलेला नसेल तर तो जळतो. धूर नाही, वास नाही. नुसती खोलीतली खरखर बसते, जशी आजाऱ्याची धाप एकाएकी थांबावी.

एरवी हे मिटायचं-उघडायचं काम एक पेटी करायची, सीक्वेन्सर. बटण दाबलं की पायरीपायरीने आधी कान बंद, मग अँटेनाचा रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच, पलीकडे, मग अँप्लिफायर चालू, आणि सगळ्यात शेवटी आवाज. रात्रीच्या विजेने ती पेटी गेली. मी म्हटलं, चार स्विच तर आहेत, हाताने मारतो. घाईत पहिलाच विसरलो.

मानाय म्हणजे ताई. त्यांनी चाळीस वर्षं तारघरात काढलेली. वय त्र्याहत्तर. उपासकाळात प्रभूच्या दुःखाचं गाणं, पासयोन, दोन दिवस अखंड चालतं, त्यात पहिला आवाज त्यांचाच. त्या ओरडल्या नाहीत.

"झालं समाधान? बिस्किटाच्या डब्यात शेवटचा एक आहे. तोही भाजलास, तर येत्या उपासकाळात माझ्या वाटणीचे उपास तू करायचेस, नोनोय."

त्यांच्याकडे मी बावन्नाव्या वर्षीही नोनोयच, म्हणजे पोरगाच.

मी खांबावर चढलो आणि शेवटचा कान बांधला. वरून समुद्र दिसत होता, तेलासारखा गुळगुळीत. पलीकडे बातोंग-पुतीचं बेट. माझी सेली तिथे सुईण आहे. आई नसलेली पोर मी या दोन हातांनी वाढवली. काल संध्याकाळी तिने बेटावरची तेवीस माणसं किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या चॅपेलमध्ये घेतली होती. वादळ रात्री वरून निघून गेलं, आणि त्यांना वाटलं, सुटलो.

पण अकरा वाजता दुसऱ्या सेटवर लेगास्पीच्या हवामान कचेरीतला माणूस बोलला. वादळ उलटं फिरलं होतं. चार वाजताच्या भरतीबरोबर समुद्र चढणार, दोन माणसं उंच. चॅपेलची चौकटसुद्धा वर राहणार नव्हती.

मोबाइलचे मनोरे आडवे झालेले, होडी घालायला कोणी तयार नाही. सेलीकडे हातातला छोटा सेट होता. बॅटरी पुरावी म्हणून ती दर तासाला अर्ध्यावर पाचच मिनिटं तो लावायची. साडेअकराची, साडेबाराची आणि दीडची वेळ माझ्या हातून निसटली, कारण पुन्हा हाताने स्विच मारायचा धोका नको म्हणून मी नवी पेटी जुळवत होतो आणि ती तयार नव्हती. उरली अडीचची. साडेतीनला सांगून उपयोग नव्हता. म्हाताऱ्यांना घेऊन टेकडी चढायला तासभर लागतो.

"आपण नुसतं ओरडून सांगू," मी म्हटलं. "ऐकायचं राहू दे. कान जळला तर जळला."

"आणि तिने ऐकलं की नाही, ते कुणाला विचारणार? मला की माझ्या मांजराला?" मानाय म्हणाल्या. "बस आणि लिही."

मी लिहीत होतो. एका लहानशा बोर्डावर चार रिले जोडले होते आणि लॅपटॉपवर त्यांचा क्रम. वीज गेलेली, सेट ट्रकच्या बॅटऱ्यांवर चालत होते; लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के. बोटं घामाने घसरत होती. एक ते चार, मध्ये थोडा थोडा थांबा. बटण सोडल्यावर पुन्हा एक ते चार बंद. बोर्डात उतरवलं. अँप्लिफायर न जोडता नुसत्या चार दिव्यांवर पाहिलं. दाबलं, एक, दोन, तीन, चार लागले. सोडलं, एक, दोन, तीन, चार विझले. अगदी ओळीत.

दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी अँप्लिफायरची तार उचलली.

"थांब. परत सोड."

मी परत दाबून सोडलं.

"पहिला दिवा कसला?"

"कानाचा. लागला की कान बंद."

"आणि सोडल्यावर पहिला कुठला विझला?"

मी पुन्हा दाबून सोडलं आणि पहिल्या दिव्याकडे पाहिलं. बटण सोडताच कान सगळ्यात आधी उघडत होता. अँप्लिफायर अजून गर्जतोय, आणि कान त्याच्या तोंडाशी उघडा.

"गुड फ्रायडेची मिरवणूक लावलीस होय रे!" मानायनी कपाळावर हात मारला. "संत पेद्रो पुढे, दुःखी माउली शेवटी. निघताना तसं, देवळात परततानाही तसंच. वीस वर्षं मूर्तींचे गाडे ओळीत लावतोयस, दुसरं डोक्यात येणार कसं! इथे शेवटी बाहेर पडला त्याने आधी घरात यायचं. कान सगळ्यांत शेवटी."

मी तार हातात घेतली होती. अजून एक मिनिट, आणि मी स्वतःच्या हाताने लेकीचा आवाज जाळला असता.

बटण सोडल्यानंतरचा क्रम उलटा केला. बॅटरी चार टक्के.

"थांबा किती ठेवू? रिले जुना आहे, खारट हवेने चिकटतो. पाव सेकंद?"

"प्रत्येक पायरीला पाव? मग कान उघडायला एक सेकंद जाईल. ती लगेच बोलली तर पहिले शब्द गिळले जातील."

"जाऊ देत."

"मग दे पाव."

बोर्डात उतरलं आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. आता चूक असली तरी ती पेटीतच राहणार होती. दिवे पुन्हा पाहिले. चार, तीन, दोन, एक. तार जोडली.

अडीच.

मी क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. "सेली, बाबा बोलतोय. वादळ फिरलंय. चारला समुद्र चढणार. चॅपेल सोड. सगळ्यांना टेकडीवर ने, आत्ता. ऐकलंस का, सांग."

बटण सोडलं. खट्. खट्. खट्. खट्.

आणि खरखर आली. तिच्यासारखं गोड गाणं मी देवळातही ऐकलेलं नाही. कान जिवंत होता.

मग तिचा आवाज, तुटका. "...येणार नाही."

मानायनी माझा दंड धरला. कोण येणार नाही? ती? सगळे? मी पुन्हा बटण दाबलं. "तीन आकडे मोज, मग बोल. सुरुवात गिळली जातेय."

खरखर. एक, दोन, तीन.

"तेओदोरा आजींना चालता येणार नाही, म्हटलं. पाठीवर घेते. बाकीचे निघाले. बाबा, बॅटरी लाल झालीय, बोलणं पुरायचं नाही. वर पोचलो, पाणी उतरलं, की जेवढी माणसं तेवढ्या वेळा बटण दाबीन. मला धरून चोवीस. तुम्ही नुसतं—"

तुटलं.

चार वाजता समुद्र आला. तो आम्हाला दिसला नाही, ऐकू आला. डोंगर कूस बदलतोय असा. खालच्या आळीतली माणसं देवळात धावत होती. आमची खोली उंचावर, आम्ही हललो नाही. पाण्याने अर्धी नारळबाग नेली. मानाय हलक्या आवाजात पासयोनचं एक कडवं म्हणत होत्या, ते संपलं की पुन्हा तेच. वर टेकडीवर ती म्हातारी पाठीवर घेतलेली माझी पोर, आणि इथे मी, हातात काही नाही, नुसते कान. देवा, तूही असाच ऐकत बसतोस का रे, असं मनात आलं आणि मीच घाबरलो.

पाच वाजून दहा मिनिटांनी खरखर दबली. क्षणभरच. टप्. पुन्हा टप्.

मी बोटांवर मोजू लागलो. टप्. टप्. मध्ये आवाज विरायचा, वाऱ्याने अँटेना वळत होती. दहा. अकरा. एकदा इतका वेळ काही आलं नाही की मी खुर्चीतून उठलो. मग पुन्हा. वीस. एकवीस. बावीस.

मग काही नाही. एक मिनिट. दोन.

"बावीस," मी म्हणालो. "मानाय, बावीसच. दोघं गेले."

"चोवीस."

"मी मोजले!"

"तू घाबरत होतास, मोजत नव्हतास. तू उठलास तेव्हा खुर्ची करकरली, त्या आवाजाखाली दोन होते. बारीक होते, पण होते. या कानांनी चाळीस वर्षं लोकांच्या मरणाच्या तारा घेतल्यात, पिनो. चोवीस."

त्यांनी मला प्रथमच नावाने हाक मारली होती. त्या माझी समजूत काढत होत्या की खरंच ऐकलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

माझा हात बटणाकडे गेला. विचारायचं, सेली, पुन्हा मोज. तिच्या सेटमध्ये असेल तर एखादा थेंब उरलेला, आणि इथला रिले दिवसभराच्या खाऱ्या वाऱ्याने चिकट झालेला. एकदा दाबून तो सुटला नाही, तर कान जळणार आणि मग कायमची शांतता.

मी हात मागे घेतला. खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली आणि जमिनीवर मानायशेजारी बसलो. त्यांनी कडवं पुन्हा सुरुवातीपासून धरलं, अगदी हळू, खरखर ऐकू यावी इतकं हळू.