रकानेसाहेबांचा भोंगा

दुपारी गोठ्यात चाऱ्याचा भारा टाकला की कॉलेजवाली नदीवर जाई. पाणी आणायला नाही, पाणी बघायला. धक्क्याच्या शेवटच्या दगडाशी तिने एक बांबू रोवला होता आणि त्यावर रंगाच्या तीन रेघा मारल्या होत्या. पाणी पहिल्या रेघेच्या खाली दिसलं की ती कडेवरच्या पोरीला म्हणे, "चल, आज निवांत झोपू," आणि माघारी फिरे. खालच्या आळीतल्या बाया तिला हसत. एवढी शिकलेली सून, आणि नदीवर पाळत ठेवते, जशी काही नदी हिच्या घरातलं उचलून नेणार आहे. मग एखादीला आठवे की नदीनं खरोखरच नेलंय, आणि हसणं तिथल्या तिथं जिरे.

तीन वर्षं झाली त्याला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले त्या दिवशी सहा महिन्यांच्या पोरीला लस टोचायला ती शेजारगावी गेली होती. नवरा वरच्या रानात मका काढत होता. घरात सासू एकटी. म्हातारीचे गुडघे धरलेले, डोकं मात्र लख्ख. शेजारच्या काकूने कुंपणावरून हाक मारली, पाणी चढतंय, चला. म्हातारी उंबऱ्यावर बसून होती, मांडीवर बोचकं बांधून तयार. म्हणाली, "भोंगा कुठं वाजलाय अजून? साहेबांनी बजावलंय, भोंग्याआधी कुणी पळापळ करायची नाही. वाजला की निघतेच."

भोंगा वाजला नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी सापडली तेव्हा बोचक्याची गाठ तिच्या मनगटाला तशीच होती.

भोंगा होता कचेरीच्या गच्चीवर. हाताने फिरवायचा, वीज नसली तरी चालणारा, चांगला दणकट. त्याचं हँडल साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेब त्या दिवशी मोठ्या ऑफिसात बैठकीला. बैठक आपत्तीच्या पूर्वतयारीचीच होती.

या साहेबांना गाव पाठीमागे रकानेसाहेब म्हणे. एकतीस वर्षांच्या नोकरीत माणसानं कुणाकडून एक पैसा खाल्ला नाही, कुणाला अरेतुरे केलं नाही. पण कुठलीही अडचण घेऊन जा, साहेब आधी विचारणार, कुठल्या रकान्यात बसवायची? वहीत रकाना भरला की त्यांच्या लेखी काम झालं. अक्षर मात्र मोत्यासारखं. त्याच अक्षरात त्यांनी पुराचा अहवाल लिहिला: 'भोंगा वेळेत वाजविण्यात आला. एका वृद्ध महिलेने सूचना ऐकूनही घर सोडण्यास नकार दिला. घरच्यांनी हयगय केली.'

घरच्यांनी हयगय केली. या तीन शब्दांनी नवऱ्याला आतून पोखरलं. भोंगा ऐकल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं, पण कागदावर आहे म्हटल्यावर लोकांना हळूहळू आठवायला लागला. कुणी म्हणे, वाऱ्याने आवाज तिकडं गेला असेल. नवरा दुकानाच्या ओट्यावर बसायचा बंद झाला. एकदा बांधावरून भांडण निघालं तर समोरचा त्याला सरळ म्हणाला, आईला पाण्यात सोडणारा तू, मला काय शिकवतोस? त्या रात्री तो जेवला नाही. कॉलेजवालीने ताट झाकून ठेवलं आणि तेव्हाच मनाशी गाठ मारली की हे शब्द ज्या हाताने लिहिलेत, त्याच हाताने खोडून घ्यायचे. रडून नाही, पाया पडून नाही. चारचौघांत.

वाट तिला साहेबांनीच करून दिली. वरून फर्मान आलं, गावागावात आपत्ती समिती पाहिजे, आणि समितीत एक सुशिक्षित महिला पाहिजे. साहेबांनी रकाना बघितला, गावावरून नजर फिरवली, आणि हिचंच नाव बसवलं. शांत मुलगी आहे, सही सुबक करते, एवढंच त्यांनी पाहिलं. ही कुणाची सून आहे हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तिला त्याचाच जास्त राग आला. वैर धरलं असतं तरी चाललं असतं. हा माणूस विसरून गेला होता.

समितीत आली तशी पुराआधी गाव हलवायच्या सरावाची वही तिच्या हातात आली. नऊ वर्षांची नऊ पानं. दर वर्षी तीच तारीख, तेच मोती. 'भोंगा वाजला : होय. स्थलांतरित व्यक्ती : दोनशे दहा.' नऊ वर्षांत खालच्या आळीत कोण मेलं नाही, कोण जन्मलं नाही, एकही सून आली नाही. दरसाल मोजून दोनशे दहा.

मग एक दिवस वही ठेवायला गेली असता ती गच्चीवर चढली. भोंग्याच्या तोंडाशी कुंभारीण माशीची ये-जा चालली होती. नदीकाठचा गाळ तोंडात धरून यायची, लिंपायची, पुन्हा उडायची. आत घरावर घर, जुनी पार दगड झालेली. काडीने कोपरा उकरला, तर मातीच्या पाठीमागे पिवळ्या कागदाची कड दिसली. तिने काडी टाकून दिली, उकरलेल्या जागेवर बोटाने माती दाबली आणि खाली आली.

कचेरीच्या शिपायाने एकदा विचारलं, वहिनी, तो भोंगा साफ करून घेऊ का? ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. साहेबांची वस्तू आहे, त्यांना विचारल्याशिवाय हात नको."

पण तिच्याही घरात लेकरू होतं. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. लोहाराकडून तिने रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा मागून आणला आणि आळीच्या टोकाच्या झाडाला टांगला. दर आठवड्याला काकूला घेऊन दारोदार फिरली: तुम्ही या आजोबांना उचलायचं, तुम्ही त्या बाळंतिणीला. रूळ बडवून दोनदा आळी रिकामीही करून बघितली. बाया कुरकुरल्या, स्वयंपाक करपला म्हणाल्या, पण निघाल्या. हे तिने वहीत लिहिलं नाही.

चार महिने असे गेले आणि साहेबांच्या निवृत्तीचा महिना उजाडला. 'सर्वांत सज्ज गाव' म्हणून मोठ्या ऑफिसाने गावाला मानाची पाटी द्यायची ठरवलं, ती घेऊन तिथल्या मोठ्या बाई स्वतः आल्या. कचेरीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. साहेब नव्या पांढऱ्या शर्टात, आनंदाने जरा तरुणच दिसत होते. वहीचं वाचन त्यांनी कॉलेजवालीवर सोपवलं होतं, आवाज स्वच्छ म्हणून.

तिने नऊच्या नऊ पानं वाचली. घाई न करता, तारखेसकट. पाचव्या दोनशे दहाला मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सातव्याला काकूने पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. पुराच्या वर्षाच्या पानावर साहेबांचा अहवालही होता, तोही तिने त्याच आवाजात वाचला. नवरा शेवटच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता, तिकडे तिने बघायचंच टाळलं.

वही मिटून ती गोडीत म्हणाली, "बाईसाहेब, योगायोगाने आज सरावाचीच तारीख आहे. साहेब आता जाणार. जाता जाता त्यांच्या हातचा भोंगा एकदा ऐकावा, अशी आळीची इच्छा आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना यात वावगं काही वाटलं नाही. कागदावर नऊ वेळा वाजलेली वस्तू दहाव्यांदा का वाजू नये? त्यांनी कपाटातून हँडल काढलं, फडक्याने पुसलं आणि गच्चीवर चढले. मागोमाग बाई, समिती, अर्धं गाव.

हँडल बसलं, फिरलं नाही. साहेबांनी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी. मग पाय भिंतीला लावून ओढलं, तसा भोंग्याच्या तोंडातून मातीचा लपका सुटला आणि नव्या शर्टावर पडला. पाठोपाठ दोन माश्या घुमत बाहेर आल्या. बाईंनी शिपायाकडून पाना मागवला आणि माती फोडायला लावली. जुने थर खणखणीत निघाले. सगळ्यात आत, कारखान्यातून आला तसा, पिवळा मेणकागद कोंबलेला होता. शिपायाने तो ओढून काढला. त्यावर छापलेलं बाईंनी मोठ्याने वाचलं.

"'वापरण्यापूर्वी हा कागद काढून टाकावा.'"

कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, मग पुराच्या दिवशी वाजलं ते काय? साहेब शर्टावरची माती झटकत राहिले. तेव्हा काकू पुढे आली आणि कुंपणावरून ऐकलेलं म्हातारीचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. सांगता सांगता तीच रडली.

पाटी गाडीत परत गेली. साहेबांवर काय कारवाई करायची ते मोठं ऑफिस बघेल, असं बाई म्हणाल्या. कॉलेजवाली म्हणाली, कारवाईचं तुम्ही बघा. मला त्यांच्या अक्षरात चार ओळी पाहिजेत, त्याच पानावर. आणि त्या खालच्या आळीत, आमच्या दारात उभं राहून त्यांनी वाचायच्या.

कचेरीत टेबलाशी साहेब लिहायला बसले, ती समोर उभी राहिली. पहिल्यांदाच त्यांचं अक्षर ओळ सोडून चाललं होतं. 'भोंगा वाजविण्यात आला नव्हता. वृद्ध महिला भोंग्याची वाट पाहत होती. घरच्यांची कोणतीही चूक नव्हती. चूक माझी.' शेवटच्या दोन शब्दांवर पेन अडलं. ती म्हणाली, "लिहा साहेब. रकाना रिकामा राहील."

सही करून त्यांनी हळूच वर बघितलं. "पोरी, तो भोंगा बंद आहे हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"चार महिने."

"आणि या चार महिन्यांत पाणी आलं असतं तर?"

"रूळ टांगलाय. आळी अकरा मिनिटांत रिकामी होते. मोजलंय मी." ती ताठ बोलली. पण रुळाचा आवाज वरच्या आळीपर्यंत पोचत नाही हे तिला माहीत होतं आणि चार महिने माहीत होतं. तिने वही उचलली. "तुम्ही तुमचं बघा. माझं मी बघेन."

संध्याकाळी साहेबांनी तिच्या उंबऱ्यासमोर उभं राहून वाचलं. म्हातारी बसायची त्याच जागेसमोर. आवाज येईना तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोठ्याने. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्याने बांधावरून तोंड टाकलं होतं तो गडी मान वळवून निघून गेला. नवऱ्याने गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात फिरवला. मग आत येऊन ताट मागितलं. जेवताना एवढंच म्हणाला, "झालं ना आता? सोड."

ती म्हणाली, "उद्या सोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला आणि शिपायाला घेऊन गच्चीवर गेली. बादलीभर माती निघाली. तेल घातलं, हँडल बसवलं. खाली वळणावर साहेब दोन बॅगा घेऊन बसची वाट बघत उभे होते, निरोपाला कुणी आलं नव्हतं. बस आली, साहेब चढले, खिडकीशी बसले. बस सुटली तशी तिने हँडल फिरवायला सुरुवात केली.

भोंगा असा उठला की पारव्यांचा थवा छपरावरून उडाला, वरच्या आळीतले लोक हातातलं टाकून दारात आले, पोरगी कानांवर हात ठेवून आईला बिलगली. बस चढणीवर दिसेनाशी होईपर्यंत तिने हात थांबवला नाही. खिडकीतून एक डोकं मागे वळून बघत होतं, तेवढं तिने नीट पाहून घेतलं.

मग दंड चोळत ती खाली आली, वहीचं नवं पान उघडलं आणि तारीख घातली.

'भोंगा वाजला : होय.

स्थलांतरित व्यक्ती : एक.'