दोन कुलपांच्या तुलनेत गेलेलं वर्ष

दवाखान्यातली माहिती सांभाळणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला कुलूपताई म्हणत. क्वांटम कॉम्प्युटर आले की आजची डिजिटल कुलपं टिकायची नाहीत, हे तिनेच साहेबांच्या गळी उतरवलं होतं. मग नवं कुलूप कोणतं, इथे घोडं अडलं. एक होतं नव्या गणिताचं. नुसतं सॉफ्टवेअर बदलायचं, पण गणित कोवळं. उद्या कुणी फोडलं तर? दुसऱ्यात किल्ली प्रकाशाच्या कणांतून जायची आणि वाटेत कुणी डोकावलं तर लगेच कळायचं. पण त्याला महागडी यंत्रं हवीत, आणि जिथे माहिती पाठवायची ती तपासणीची प्रयोगशाळा पडली लांब; तिथवर ते कण धड पोचायचे नाहीत.

"तोवर जुन्याच्या जोडीला नव्या गणिताचं लावून टाकू की," नेटवर्कवाला म्हणाला. "दोन्ही फुटल्याशिवाय काही उघडणार नाही."

"ठिगळं लावायला मी बसलेली नाही," ती म्हणाली. बाईंना एकदाच आणि नीट करायचं होतं. तुलनेचे तक्ते वर्षभर वाढत गेले. अति तिथे माती, पण हुशार माणसांना हे सांगणार कोण?

आज सकाळी कळलं की प्रयोगशाळेकडे जाणारी सगळी माहिती कुणीतरी कित्येक महिने वाटेत उतरवून घेत होतं. साहेब निर्धास्त होते. "कुलूप आहे ना? मग कुणाला वाचता येणार?"

कुलूपताईला मात्र कळून चुकलं. चोराला घाईच नव्हती. पेटी आज कुलपासकट न्यायची, क्वांटम कॉम्प्युटर आला की उघडायची. त्या पेटीत तिच्या भाचीची जनुकीय तपासणी होती. मेव्हण्यांचा आजार पोरीतही उतरलाय, असं त्या तपासणीत निघालं होतं. धाकटी बहीण तपासणीला तयारच नव्हती. हिनेच गळ घातली होती, "माझ्या दवाखान्यातून कुणाला काही कळणार नाही."

ती तडक बहिणीकडे गेली आणि सगळं सांगितलं. नेटवर्कवाल्याचं बोलणंही सांगितलं, जे कुणी विचारलंही नव्हतं.

बहीण शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती. "कधी उघडेल?"

"दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. कदाचित कधीच नाही."

"म्हणजे ती नोकरी शोधेल, संसार मांडेल तेव्हा."

"माझं चुकलं गं. मला माफ कर."

"माझी माफी कशाला मागतेस, ताई? आजार माझ्या अंगात नाही. ती जाणती झाली की हेच सगळं तिला सांग. मी सांगणार नाही."

आतून भाची धावत आली आणि मावशीच्या मांडीवर बसली. कुलूपताईला तिच्याकडे बघवेना.