रानघेवड्याच्या आठ पुड्या

बियाणे पेढी सांभाळणाऱ्या संशोधिकेने आठ कागदी पुड्या काकूंच्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर काकूंच्या दिवंगत यजमानांचं, सरांचं, बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं. रानघेवडा, टेकडी पहिली. रानघेवडा, टेकडी दुसरी. अशा आठ.

"काकू, मुळं कुजण्याचा रोग या वेलाला लागत नाही. शेतातल्या घेवड्यात ती ताकद आणता येईल. पण आमच्याकडचं बी जुनं, आता उगवेनासं झालंय. नवं आणायला आठही टेकड्या पालथ्या घातल्या, तर एकीवरही हा वेल नाही. गुडघे गेले माझे."

"या वयात? आमचे हे साठीतही शेळीसारखे चढायचे."

सरांची ही शेवटची विद्यार्थिनी. एरवी ती हसली असती. तिने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर काळ्या रेघांचे आठ पट्टे शेजारी शेजारी होते.

"झाडाच्या पेशींत अशा जनुकीय खुणा असतात. टेकडी बदलली की त्या थोड्या तरी बदलायला हव्यात. या आठांत केसाचाही फरक नाही. आठही पुड्या एकाच जागच्या आहेत."

काकूंनी चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

"जागा कुठली, ते तुम्हाला ठाऊक असेल तर... पुढच्या महिन्यात पेढीच्या शीतगृहाला सरांचं नाव द्यायचंय. हे माझ्या हातून उघड व्हायला नको होतं."

ठाऊक नाही, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरांच्या नावाची पाटी लागली असती. वेल मात्र कायमचा गेला असता.

"टेकडी नाहीच ती," काकू म्हणाल्या. "इस्पितळाच्या धुलाईघराची मागची भिंत."

एक्केचाळीस वर्षांपूर्वी, पहिल्या बाळंतपणाआधी, त्या सात आठवडे तिथे पडून होत्या. त्या सबंध हंगामात सर टेकड्यांकडे फिरकलेच नाहीत. रोज चारला येऊन सांगायचे मात्र, आज तिसरीवर माकडाने डबा पळवला, आज पाचवीवर सपशेल घसरलो. बुटांना मातीचा कण नसायचा. काकू पोट धरून हसायच्या, बुटांचा विषय काढायच्या नाहीत. बाळ वाचलं नाही. दोन दिवसांनी नर्सने धरून त्यांना खिडकीशी उभं केलं. पेढीला बियांचे नमुने पाठवायची मुदत संपत आली होती. खाली समोर, धुलाईघराच्या भिंतीलगतच्या बाकावर बसून सर मागच्या वेलाच्या वाळक्या शेंगा फोडत होते आणि एकेक पुडी भरत होते.

"मी पाहिलं, हे त्यांना कधी कळू दिलं नाही. उगाच खजील झाले असते."

"मला हे अहवालात लिहावं लागेल, काकू."

"लिही की. पाटीचं तुम्ही काय ते ठरवा. चप्पल घालते, आधी वेल आहे का बघू."

वेल होता. धुलाईघर बंद पडलं होतं, भिंतीला तडे गेले होते आणि वेल पार छपरावर चढून पलीकडे उतरला होता. संशोधिका त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर बसली आणि शेंगा मोजू लागली. मध्येच बाहीने नाक पुसत होती.

काकू त्याच बाकावर टेकल्या. तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी शोधायला त्यांना मान वळवावीसुद्धा लागली नाही. ती थेट समोर होती. काचेमागे उभी राहून कुणी बाई केस विंचरत होती, तिच्या हातातला लाल कंगवासुद्धा इथून दिसत होता.

काकू बघत राहिल्या.

"पाणी देऊ का, काकू?"

"नको गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी दिसत होते तर."