साहेबांचा पेला

घरमालकाने आमचं पाणी तोडलं आणि नळ असा सुकला की त्यात कोळ्याने संसार थाटला. आधी कोळी, मग कोळीण, मग नातवंडं. खोटं वाटत असेल तर विचारा आमच्या सूनबाईला. ती सांगेल, "मामंजींचं आपलं काहीतरीच."

मालकाला खोली रिकामी हवी होती. आणि मी चौथ्या मजल्यावरून उतरणार तो चौघांच्या खांद्यावरूनच; गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. म्हणून सूनबाई कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वर आणायची. आधी चिडत आणायची, मग रडत, मग नुसतीच, पाय आपोआप जिना उतरत असल्यासारखी.

भाडेकरूचं पाणी असं तोडता येत नाही, कायदाच आहे. मी तक्रार केली. पालिकेचे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. झालं! घरी साहेब येणार म्हणून सूनबाईने सकाळपासून खेपा घालून पिंप काठोकाठ भरलं, फरशी पुसली, आणि साहेब टेकतात न टेकतात तोच गार पाण्याचा पेला पुढे केला.

साहेबांनी तो घटाघटा संपवला आणि पिंपाकडे पाहिलं.

"आजोबा, आमच्या घरी नाही एवढं पाणी! उगाच कशाला मालकाच्या मागे लागता?"

नळाला हात न लावताच गेले.

"अगं, पाणी कशाला दिलंस?"

"दारी आलेल्याला पाणीही विचारायचं नाही?" तिचा आवाज भिंतीसारखा सपाट.

पुन्हा तक्रार, पुन्हा तेच साहेब. या वेळी मी पिंप उपडं घालायला लावलं. तरी सूनबाईने पेला ठेवलाच. साहेबांनी सवयीने तोंडाला लावला, मान मागे टाकली आणि तसेच थांबले.

"रिकामा आहे हो."

"नळाला विचारा," मी म्हणालो.

त्यांनी नळ फिरवला. कोळ्याचं अख्खं खानदान बोचकी घेऊन बाहेर पडलं.

मालकाला पाणी जोडून द्यावं लागलं. नळ खोकला, गुरगुरला, वाहू लागला. सूनबाईने तो क्षणभर पाहिला. मग रिकाम्या बादल्या उचलल्या.

"अगं, पाणी आलंय!"

"आलंय ना," म्हणाली आणि जिना उतरली.

थोड्या वेळाने भरलेल्या बादल्या घेऊन वर आली आणि वाहत्या नळाशेजारी पिंपात ओतल्या.