तालमीबरोबर गेलेली गोलकीपर

"गोलकीपर व्हायचं म्हणून यादीतून सौंदर्याचं नाव तूच उडवलंस, प्रेरणा!" मगदूम सर अख्ख्या टीमसमोर ओरडले. "उद्या मॅचला येऊ नकोस!"

सरांच्या सांगण्यावरूनच मी शाळेच्या डेटाबेसमधून बंद पडलेल्या तालमीची, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल क्लबची, ओळ पुसली होती. सौंदर्याच्या नावाला हातही लावला नव्हता.

मी डेटाबेसची कालची कॉपी उघडून तीच ओळ सगळ्यांसमोर पुन्हा पुसली. तालमीबरोबर तिची एकमेव खेळाडू सौंदर्याही गायब!

"बघा की सर! तालीम पुसली की तिला जोडलेल्या पोरीबी पुसल्या जात्यात. ही सेटिंग कुणी केलती?"

"मीच," सर गुरगुरले.

"मग उद्या तुम्हीच येऊ नका!"

सौंदर्याचं नाव मी परत भरलं. "आता एक जरी गोल खाल्लास," मी तिला दम दिला, "तर खरंच उडवीन."