शुक्र गेला कुठं?

पौष सरला, तरी अक्षदाच्या लग्नाचं घोडं अडलेलंच. अडवलं होतं खुद्द शुक्राने. पंचांगात त्याचा अस्त, आणि शुक्र नसताना अक्षता टाकायच्या नाहीत, असा कडावातल्या त्यांच्या घरचा रिवाज. इकडे चौक गावचा राजेश, तिचा होणारा नवरा, महिनाअखेर नोकरीला मस्कतला निघालेला. एकदा गेला की वर्षभर सुट्टी नाही. या काळजीने अक्षदाला घास गोड लागेना.

एका संध्याकाळी आप्पा, म्हणजे तिचे वडील येसाजी, खळ्यावरून तिला हाका मारू लागले. पूर्वेला झाडांच्या वर एक टपोरा तारा लखलखत होता.

"त्यो बघ शुक्र. पंचांगवाला चुकला गं. उद्याच भटजींना गाठतो."

अक्षदा शाळेत विज्ञान शिकवायची. तो शुक्र नव्हता, गुरू होता. गप्प बसली असती तर लग्न आयतं पदरात पडलं असतं, आणि क्षणभर मोह झालाही. पण पोरांना एक शिकवायचं आणि स्वतःच्या मांडवात दुसरंच खपवायचं, हे तिला पचेना. शिवाय भटजींना काय डोळे नव्हते?

तिने सांगून टाकलं. शुक्र आपल्यापेक्षा जवळून सूर्याभोवती फिरतो, त्याला फार सोडून जात नाही. संध्याकाळी दिसलाच तर मावळतीला दिसणार, उगवतीला कधीच नाही. आप्पांचा चेहरा उतरला.

"मंग त्यो गेला कुठं?"

अक्षदाने पेंढ्याच्या ढिगाला सूर्य केलं, आप्पांना पृथ्वी, आणि स्वतः शुक्र होऊन ढिगाला वळसा घातला. मागे गेली, दिसेनाशी झाली, आणि केसांत काड्या घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली. शुक्र सध्या तिकडे मागे आहे, ती म्हणाली. सूर्याच्या झगमगाटात दिसत नाही, एवढंच.

आप्पांनी तिला पुन्हा फिरायला लावलं. मग आणखी एकदा. तिला धाप लागली, पण हसूही आवरेना.

"म्हंजे अस्त झाला तरी त्यो चालतोच हाय?"

"चालतोच आहे, आप्पा."

आप्पांनी तिथेच उभ्या उभ्या राजेशच्या वडिलांना फोन लावला. पलीकडून शुक्राचं नाव निघालं असावं, कारण आप्पा चिडले.

"आवो व्याही, मळणीचा बैल पेंढ्याआड गेला, म्हणून कुणी मळणी थांबवतं का? रविवारी वऱ्हाड घेऊन या."